पॉम्पेईच्या स्थानकाबाहेर झालेली आमची फसवणूक

मे २०२४ मध्ये इटलीतील पॉम्पेई या प्राचीन रोमन नगराचे अवशेष पाहण्यासाठी आम्ही चौघे गेलो असताना, गाईडसह तीन तासांच्या फेरीच्या नावाखाली आमच्याकडून २०० युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ हजार रुपये, घेण्यात आले आणि त्या बदल्यात आम्हाला जेमतेम सव्वा तासाची, घाईघाईत उरकलेली आणि चुकीच्या माहितीने भरलेली फेरी मिळाली. युरोपच्या सहलीला जाणाऱ्या मराठी मंडळींची संख्या वाढते आहे आणि त्यांपैकी अनेक जण नेपल्सहून अर्ध्या दिवसासाठी पॉम्पेईला जातात, म्हणून आमच्या बाबतीत नेमके काय घडले ते क्रमाने लिहीत आहे.

मी जालना जिल्ह्यात एकोणतीस वर्षे इतिहास शिकवला. पॉम्पेई पाहण्याची माझी इच्छा ज्वालामुखीमुळे नव्हती, एका मूर्तीमुळे होती. १९३८ साली पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांच्या देखरेखीखाली चाललेल्या उत्खननात तिथल्या एका घरात हस्तिदंताची, साधारण २५ सेंटीमीटर उंचीची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ती ‘पॉम्पेई लक्ष्मी’ या नावाने ओळखली जाते, पण बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस या ज्वालामुखीच्या उद्रेकात हे नगर गाडले गेले, त्यामुळे ती त्याआधीच समुद्र ओलांडून तिथे पोहोचली होती एवढे निश्चित आहे. आमच्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातील तेरला मिळालेल्या हस्तिदंती मूर्तींशी तिचे इतके साम्य आहे की, काही अभ्यासक तिला सातवाहनांच्या प्रदेशातील कारागिरांचे काम समजतात. तिच्या तळाशी खरोष्ठी या वायव्येकडच्या प्राचीन लिपीतले अक्षर असल्यामुळे वायव्य भारताकडे बोट दाखवणारेही आहेत. वर्गात रोमशी चाललेल्या व्यापाराचा धडा आला की मी या मूर्तीची गोष्ट सांगत असे. जिथे ती सापडली ते घर, निदान त्याचा उंबरठा, एकदा डोळ्यांनी पाहावा असे मला फार वाटत होते. आमची फसवणूक झाली ती याच ओढीचा उपयोग करून, म्हणून हे सविस्तर सांगितले.

माझे यजमान, जर्मनीत राहणारी माझी मुलगी, तिचा पंधरा वर्षांचा मुलगा आणि मी असे चौघे सकाळी नेपल्सच्या गारिबाल्दी चौकातून चिर्कुमव्हेसुव्हियाना या लोकल गाडीने निघालो आणि सुमारे चाळीस मिनिटांत ‘पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी’ या स्थानकावर उतरलो. अवशेषांचे पोर्ता मरीना हे प्रवेशद्वार तिथून चालत दोन-तीन मिनिटांवर आहे. खरे तर स्थानकातून बाहेर पडून सरळ तिकडे गेले की विषय संपतो. परंतु बाहेर पाऊल ठेवताच गळ्यात बिल्ला घातलेला एक चाळिशीतला माणूस अतिशय अदबीने पुढे आला आणि त्याने इंग्रजीत विचारले, “तिकिटे घ्यायची आहेत ना? तिकीट कार्यालय इकडे आहे.” तो आम्हाला ज्या दुकानात घेऊन गेला, त्यावर ‘माहिती’ आणि ‘तिकिटे’ अशा अर्थाच्या मोठ्या पाट्या होत्या. आत नगराचा नकाशा लावलेला होता, टेबलामागे संगणक होता, आणि बिल्ले घातलेली आणखी दोन माणसे होती. हेच सरकारी तिकीट घर आहे असे आम्हा चौघांनाही वाटले, आणि तसे वाटावे अशीच ती मांडणी होती. त्या बिल्ल्यांवर ‘कर्मचारी’ या अर्थाच्या एका शब्दापलीकडे काहीही छापलेले नव्हते, हे माझ्या नातवाने काढलेल्या छायाचित्रात आम्ही रात्री पाहिले.

त्याने सांगितले की प्रवेशद्वारावर दोन तासांची रांग आहे, उन्हात ज्येष्ठांना ती झेपणार नाही, आणि त्यांच्या फेरीत बारा जणांचा लहान गट, पुरातत्त्वाचे शिक्षण घेतलेला अधिकृत गाईड, तीन तासांचे मार्गदर्शन आणि तिकीट असे सगळे मिळून माणशी ५५ युरो पडतील. आम्हा दोघा ज्येष्ठांना मात्र खास सवलतीत ४५ युरो. मुलगी थोडी साशंक होती. “आई, आपण आधी दारापर्यंत जाऊन रांग बघून येऊ या का?” असे तिने मला मराठीत विचारलेही. मी तिचे ऐकले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मी त्या माणसाला विचारले की, भारतीय मूर्ती सापडली ते घर तुमचा गाईड दाखवेल का, आणि तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, “अर्थातच. भारतीय घर. तुमच्यासाठी खास.” एवढे ऐकून मी पिशवीतून पैसे काढले. कार्डाचे यंत्र बिघडले आहे असे सांगून त्याने २०० युरो रोख घेतले आणि एका कागदावर चार जणांचे २०० एवढेच लिहून दिले. त्यावर कंपनीचे नाव, पत्ता, कर क्रमांक यांपैकी काहीही नव्हते.

त्यानंतर गट भरेपर्यंत आम्हाला पन्नास मिनिटे उभे ठेवले. बारा जणांचा म्हणून सांगितलेला गट निघाला तेव्हा माझ्या नातवाने मोजलेली संख्या ३८ होती. पोर्ता मरीनापाशी पोहोचल्यावर दिसले की, तिकीट खिडकीची रांग पंधरा-वीस मिनिटांपेक्षा मोठी नव्हती.

गाईड वेगळाच होता, एक तरुण मुलगा. त्याच्या गळ्यातही तोच बिल्ला होता. इटलीत गाईड म्हणून काम करण्यासाठी परवाना लागतो, आणि त्या परवान्याच्या ओळखपत्रावर धारकाचे छायाचित्र असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर फेरी सुरू होण्याआधीच ते दाखवण्याची मागणी करता आली असती. गाईडचे बोलणे ऐकू यावे म्हणून सगळ्यांना दिलेल्या श्रवणयंत्रांपैकी आमच्यातल्या दोघांची चालत नव्हती. बॅसिलिका (न्यायदानाची व व्यवहारांची इमारत), फोरम (नगराचा मुख्य चौक), फोरमच्या बाजूची कोठारे आणि स्नानगृह एवढे त्याने अर्ध्या तासात उरकले. कोठारांत ठेवलेल्या मानवी आकृतींसमोर उभे राहून त्याने सांगितले की, लाव्हा अंगावर आल्यामुळे ही माणसे दगड होऊन गेली. हे ऐकून मला गप्प बसवेना. पॉम्पेईवर लाव्हा आलाच नाही. आधी कित्येक तास हलके सच्छिद्र दगड आणि राख यांचा पाऊस पडला आणि नंतर तापलेल्या वायू व राखेचे लोट नगरावर कोसळले. त्या आकृती म्हणजे दगड झालेली शरीरेही नव्हेत. घट्ट झालेल्या राखेत शरीरे कुजून ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत १८६३ पासून पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फिओरेल्ली यांनी प्लास्टर ओतून हे ठसे मिळवले. पंधरा वर्षांच्या मुलाने जे पहिल्यांदाच पाहिले, त्याबद्दल त्याला धडधडीत चुकीचे सांगितले जात होते, आणि त्यासाठी आम्ही पैसे मोजले होते.

स्नानगृहामागच्या एका गल्लीत, बंद लोखंडी दारापाशी तो थांबला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “भारतीय घर.” मी क्षणभर हात जोडले. मग कोपऱ्यावरच्या भिंतीकडे माझे लक्ष गेले. फिओरेल्ली यांनी या नगराची नऊ विभागांत आणि त्यांतल्या घरांच्या गटांत विभागणी केली, प्रत्येक दाराला क्रमांक दिला, आणि विभाग व गट यांच्या लहान पाट्या आजही कोपऱ्याकोपऱ्यावर दिसतात. मूर्ती सापडली त्या घराचा क्रमांक मी घरूनच वहीत लिहून आणला होता: विभाग १, गट ८, दार ५. समोरची पाटी विभाग ७ ची होती. विभाग १ तिथून बराच पूर्वेला, व्हिया स्ताबियाना हा रस्ता ओलांडल्यावर, व्हिया देल्ल’अब्बोन्दान्त्सा या मुख्य रस्त्याच्या कडेला लागतो. मी वही उघडून त्याला दाखवली, तेव्हा “क्रमांक आता बदलले आहेत” एवढे बोलून तो पुढे चालू लागला. क्रमांक बदललेले नाहीत. माझ्याजवळ वही नसती तर मी त्या परक्या दाराचे छायाचित्र जन्मभर जपले असते आणि भोकरदनच्या विद्यार्थ्यांनाही दाखवले असते, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

सर्वांत मोठे नुकसान त्यानंतर झाले. सव्वा तास झाल्यावर त्याने सांगितले की, आता वीस मिनिटे विश्रांती, बाहेर स्वच्छतागृह आणि पाणी आहे, मग परत आत येऊन अँफिथिएटर, म्हणजे खेळांचे मोठे प्रेक्षागार, पाहू. सगळा गट त्याच्या मागून बाहेर पडला आणि थेट शंखावर कोरलेल्या दागिन्यांच्या व पोवळ्यांच्या एका दुकानात शिरला. तिथे त्याने सगळ्यांची श्रवणयंत्रे गोळा केली आणि तो निघून गेला. आम्ही अर्धा तास वाट पाहून प्रवेशद्वाराशी परतलो, तेव्हा तिथल्या कर्मचारी बाईंनी समजावून सांगितले की, एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत येता येत नाही. हा तिथला नियमच आहे, आणि तो गाईडला माहीत नसणे शक्य नाही. एकूण सुमारे ६६ हेक्टरांचे हे नगर आहे, त्याचा साधारण दोन तृतीयांश भाग खणून मोकळा केलेला आहे, आणि आम्ही त्याचा एक कोपरा पाहून बाहेर उभे होतो. माझ्या यजमानांचा गुडघा दुखत होता, त्यामुळे ते एका कट्ट्यावर बसून राहिले. आमच्यापैकी कोणी बराच वेळ काही बोलले नाही.

तिकीट खिडकीवरचा दरफलक आम्ही तिथे पहिल्यांदा वाचला. प्रौढांना १८ युरो, अठरा वर्षांखालील सर्वांना विनामूल्य, मग ते कोणत्याही देशाचे असोत. ज्येष्ठांसाठी वेगळी सवलत तिथे नव्हतीच. आत जाताना गाईडकडून नातवाने आठवण म्हणून स्वतःचे तिकीट मागून घेतले होते, ते त्याने खिशातून काढले. त्यावर इटालियनमध्ये ‘विनामूल्य’ आणि शून्य युरो असे छापलेले होते. त्या शून्याचे आमच्याकडून ५५ युरो घेतले गेले होते. चौघांचा खरा प्रवेश ५४ युरोंचा होता, म्हणजे उरलेले १४६ युरो गेले ते त्या सव्वा तासापायी.

आम्ही त्या दुकानात परत गेलो. गाईड वेगळ्या कंपनीचा आहे आणि आमचे पैसे ‘सेवेचे’ होते, असे उत्तर मिळाले. गाईडने आपल्या कामाचे पैसे घेणे मुळीच गैर नाही, हे मला मान्य आहे. परवानाधारक, अभ्यासू गाईडने २०० युरो मागितले असते तरी मी ते आनंदाने दिले असते. तक्रार आहे ती खोट्या रांगेबद्दल, खोट्या सवलतीबद्दल, मुलाच्या विनामूल्य तिकिटाचे पैसे घेण्याबद्दल आणि गटाला फसवून बाहेर काढण्याबद्दल. मुलीने इटालियनमध्ये भाषांतर करून पोलिसांत लेखी तक्रार दिली व तिची प्रत घेतली. रोख व्यवहार आणि नाव नसलेला कागद यांमुळे आमच्या हातात पुरावा म्हणून फारसे काही नव्हते. कार्डाने पैसे दिले असते तर निदान बँकेकडे दाद मागता आली असती. यंत्र बिघडले आहे असे कोणी म्हणाले, तर त्याच क्षणी तिथून निघावे, असे मी आता प्रत्येकाला सांगते.

नोव्हेंबर २०२४ पासून पॉम्पेईत दिवसाला २० हजार लोकांनाच प्रवेश दिला जातो आणि तिकिटावर ज्याचे त्याचे नाव असते, त्यामुळे ओळखपत्र जवळ लागते. हा बदल चांगलाच आहे. परंतु ‘आजची तिकिटे संपली, आता आमच्याकडेच आहेत’ हे वाक्य यापुढे स्थानकाबाहेर ऐकायला मिळू शकते. तिकीट पुरातत्त्व उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच आधी काढावे, आणि ते नसेल तर दाराशी जाऊन खिडकीवर स्वतः विचारावे. गाईड हवा असल्यास त्याचे नाव घेऊन परवाना पाहावा, फेरी कुठून सुरू होऊन कुठे संपणार आणि मध्ये बाहेर पडावे लागणार का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही नऊच्या आधी परत गेलो. खिडकीवर बारा मिनिटे उभे राहून तीन तिकिटे विकत घेतली, चौथे विनामूल्य मिळाले. फाउनचे घर पाहिले, वीस वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये पुन्हा उघडलेले व्हेत्ती बंधूंचे घर पाहिले, अँफिथिएटरच्या पायऱ्यांवर बसून डबा खाल्ला. मुख्य रस्त्यावर वेतुतिउस प्लाकिदुस याच्या खाद्यगृहाचा दगडी ओटा आहे, ते दार ८. त्याच रांगेत काही पावलांवर दार ५. ते बंद होते. मी बाहेरूनच उंबरठ्याला हात लावला. मूर्ती तिथे नाही, ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, आणि तिचे दर्शन आम्ही शनिवारी घेतले.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्थानकातून बाहेर पडताना तो अदबशीर माणूस त्याच जागी उभा होता आणि एका वृद्ध जर्मन जोडप्याला दुकानाकडे वळवत होता. मुलगी त्यांच्याजवळ गेली आणि जर्मनमध्ये एवढेच म्हणाली की, तिकीट खिडकी समोर आहे, दोन मिनिटे लागतात, आमच्याबरोबर चला. त्याने आम्हाला ओळखले. तो काही न बोलता पुढच्या गाडीतून उतरणाऱ्यांकडे वळला. ते आजी-आजोबा आमच्याबरोबर खिडकीपर्यंत आले.