फेज चेंज म्हणून पेल्टियर गळ्यात मारला : 38,500 रुपये गेले

फेज चेंज म्हणजे फ्रीजसारखा गॅस आणि कॉम्प्रेसर वापरून प्रोसेसर शून्याखाली गार करणारा कूलर. तो म्हणून विकणाऱ्याने मला पेल्टियर दिला, म्हणजे वीज दिली की एका बाजूने गार पडणारी साधी चकती. 15,000 आधी यूपीआयने, उरलेले 23,500 रोख, पुण्यात कात्रजला त्याच्या घरी. वर 26,800 चा मदरबोर्ड गेला तो वेगळा.

मी नवखा नाही. चार पीसी स्वतः जोडलेत, ओव्हरक्लॉकिंग करतो, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवतो, मग तो गार ठेवावा लागतो. लिक्विड नायट्रोजन उणे 196 अंशांचं असतं, पण ते सतत ओतत बसावं लागतं, ड्राय आइसही उडून जातो. रोजच्या वापराला शून्याखाली जायचं तर फ्रीजसारखा कॉम्प्रेसर आणि प्रोसेसरवर बसणारा एव्हॅपोरेटर (गॅसने गार पडणारा भाग) हाच मार्ग. विकणाऱ्यालाही हे सगळं ठाऊक होतं. "दादा, आर-404ए गॅस भरलाय, गेल्याच महिन्यात," असं इतक्या सहज म्हणाला की कुणीही विश्वास ठेवला असता. त्याच्या आईने चहा दिला.

डबा मी एका हाताने उचलून स्कूटरच्या पायाशी ठेवला. एका हाताने! नुसता कॉम्प्रेसरच सात-आठ किलोचा भरतो, हे मला माहीत होतं. चालू असताना घरघर नव्हती, फक्त पंख्याचा आवाज. त्याने बर्फ धरलेली प्लेट दाखवली आणि मी भुललो. त्या प्लेटखाली प्रोसेसर नव्हताच. लोड देऊन, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण कामाला लावून दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. बाहेर पाऊस सुरू होता, मला घाई होती, आणि त्याने नेमकं तेच हेरलं.

घरी लोड देताच काही सेकंदांत तापमान 100 वर. उघडून पाहिलं तर आत 4 सेंटिमीटरचे दोन पांढरे चौकोन, टीईसी1-12706. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मिळतात तसे साधे पेल्टियर. एकेक जेमतेम 50-60 वॉट उष्णता ओढणार, माझा प्रोसेसर, आय7-14700के, लोडवर 253 वॉटपर्यंत जातो. शिवाय पीसी नुसता चालू असताना प्लेट गार पडायची. जुलैची दमट हवा, प्रोसेसरच्या सॉकेटभोवती दव धरलं आणि बोर्ड मेला. इन्सुलेशन म्हणून त्याने साधा स्पंज चिकटवला होता.

चौकीत गेलो. "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे." सायबरवाले म्हणाले, तुम्ही समोरासमोर भेटलात, हे आमच्याकडे येत नाही. परत चौकीत, तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला हवालदाराने विचारलं, "कॉम्प्युटरला फ्रीज कशाला लागतो?" अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर उद्या या. पाच चकरा, पाच अर्ध्या रजा. बिल नाही म्हणून ग्राहक तक्रारीचाही रस्ता अवघड. बिल नसेल तर निदान व्हॉट्सॲपवर त्याच्याकडून "कॉम्प्रेसर आहे" असं लिहून घ्या. माझं सगळं बोलणं फोनवरच झालं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, मी त्याच्या "परत करतो दादा"वर चार दिवस घालवले.

काळा डबा, समोर निळा डिस्प्ले, डाव्या बाजूला खोटा गॅस व्हॉल्व्ह. त्याच्याकडे असे अजून दोन होते, मी पाहिलेत.