ड्रायपॉइंटचा स्टार्टर सेट चार महिने वापरला, त्यातलं काय ठेवलं आणि काय बदललं

चार महिने झाले ड्रायपॉइंटचा (प्लेटवर सुईने चित्र ओरखडायचं, रेघांत शाई भरायची आणि कागदावर छापायचं, अशी ही पद्धत) हा सेट वापरतेय, आता लिहायला हरकत नाही. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर चिडून लिहिलं असतं आणि ते चुकीचं झालं असतं, कारण निम्मा दोष सेटचा होता आणि निम्मा माझ्या हाताचा. कंपनीचं नाव घेत नाही, असेच सेट बऱ्याच जणांचे मिळतात. आत काय होतं तर दोन टोकांची एक सुई, ४ पारदर्शक प्लास्टिक शीट, काळ्या शाईची ट्यूब, टार्लटनचा, म्हणजे शाई पुसायच्या खळ घातलेल्या जाळीदार कापडाचा तुकडा आणि थोडे कागद.

ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी आधी एवढंच सांगते, ड्रायपॉइंटमध्ये ॲसिड नसतं, सुईने सरळ प्लेटवर ओरखडायचं. नांगराच्या तासाशेजारी माती उठते ना, तशी रेघेच्या कडेला धातूची किंवा प्लास्टिकची कड उठते, तिला बर म्हणतात. शाई खाचेत राहतेच पण या बरमध्ये जास्त अडकते आणि त्यामुळे रेघ मखमलीसारखी, कडेला जरा पसरलेली येते. एचिंगमध्ये, म्हणजे ॲसिडने रेघा कोरतात त्या पद्धतीत, ही रेघ मिळत नाही. म्हणून ड्रायपॉइंटचं सामान घेताना मी आता आधी एकच बघते, बर नीट उठतो का आणि किती छापे टिकतो.

या हिशोबाने सेटमधली सगळ्यात चांगली वस्तू सुई. एका टोकाला कार्बाइड आहे, दुसरं साधं स्टीलचं. कार्बाइडचं टोक चार महिन्यांत एकदाही बोथट वाटलं नाही, स्टीलचं मात्र सारखं दगडावर घासून घ्यावं लागतं. मूठ जाड आहे त्यामुळे तास दीड तास काम केलं तरी बोटं आखडत नाहीत, आणि हे महत्त्वाचं आहे कारण यात जोर लागतो, पेन्सिलसारखी हलकी फिरवून काही होत नाही. सुई कशी धरायची हे माहितीपत्रकात कुठेच नाही आणि खरं तर तेच पहिल्या पानावर हवं होतं. साधारण ६० अंशात कलती धरली की एका बाजूला भरपूर बर उठतो, अगदी उभी धरली तर दोन्ही बाजूंना थोडा थोडा, आणि फार आडवी केली की बर पातळ उठतो आणि पुसतानाच तुटून जातो. माझ्या पहिल्या दोन शीट याच कारणाने वाया गेल्या.

प्लास्टिक शीटबद्दल माझं मत मधलं आहे. खाली चित्र ठेवून वरून गिरवता येतं ही मोठी सोय आहे (चित्र उलटं ठेवायचं, नाहीतर छापा उलटा येतो), आणि काय ओरखडलंय ते दिसत नसेल तर खाली काळा कागद सरकवा, लगेच दिसतं. पण प्लास्टिकचा बर ठिसूळ असतो. माझ्याकडे सहाव्या सातव्या छाप्यापासून गडद भाग करडे पडायला लागले. मग एक छोटी तांब्याची प्लेट वेगळी मागवली, १ मिमी जाडीची, आणि तिच्यावर पहिली रेघ मारली तेव्हाच हाताला फरक कळला, तांबं सुईला धरून ठेवतं, सुई घसरत नाही, वळणावर रेघ तुटत नाही. तांब्याचा बर चिवट असतो, तरी तोही झिजतोच, प्रत्येक वेळी शाई पुसताना आणि प्रेसखाली (छापायच्या रोलरच्या यंत्राखाली) जाताना थोडा थोडा दबतो. मोठी आवृत्ती, म्हणजे एकाच प्लेटचे बरेच छापे काढायचे असतील तर वर लोखंडाचा पातळ मुलामा देऊन घेतात. जस्ताची प्लेटही मिळते, ती आणखी मऊ असते आणि पिवळ्या, पांढऱ्यासारख्या फिक्या शाया तिच्यावर मळकट होतात.

शाई ठीक आहे, तेलाची असून साबण पाण्याने निघते. पण ट्यूबमधून येते तशी घट्ट वापरू नका, घट्ट शाई पुसायला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की बर गेलाच. दोन तीन थेंब जवसाचं तेल घालून मऊ करा. टार्लटनही आधी हातात चुरगळून त्यातली खळ मोडायची, मग हलक्या हाताने गोल गोल पुसायचं.

कागद मात्र अजिबात नको. भिजवला की लिबलिबीत होतो, माझे दोन तर प्रेसमधून निघताना फाटले. कॉटनचा २५० ते ३०० जीएसएमचा कागद घ्या, अर्धा तास भिजवा आणि टिपकागदात दाबून वरची चकाकी जाईपर्यंत सुकवा. आणि कडा! शीटच्या कडा धारदार आहेत, त्या ४५ अंशात कानशीने उतरवल्याशिवाय छापायला घेऊ नका, त्या कागद तर कापतातच पण प्रेसचं ब्लँकेट (कागदावर घालायचं जाड लोकरी कापड) पण कापतात. सेटमध्ये कानस नाही, चुकलेली रेघ काढायला स्क्रेपर आणि बर्निशरही नाही. खोक्यावर प्रेसची गरज नाही, चमच्याने घासून छापता येईल असं लिहिलंय, त्याचा मला खरंच राग आला. मी मनापासून करून बघितलं, खोल रेघांमधली शाई कागद उचलतच नाही, तुटक भुरकट काहीतरी येतं आणि नवीन माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. ओळखीच्या स्टुडिओत प्रेस वापरायला मिळणार असेल तरच हा सेट घ्या.

डच चित्रकार रेम्ब्रांटने १६५३ मध्ये 'तीन क्रूस' मुख्यतः ड्रायपॉइंटमध्येच केलं, आणि प्लेट झिजल्यावर टाकून न देता तिच्यावर पुन्हा इतकं ओरखडलं की शेवटी ते जवळपास वेगळं, काळोखात बुडालेलं चित्र झालं. हे माहीत होतं म्हणून मीही माझी तांब्याची प्लेट ठेवून दिली होती. २३ व्या छाप्याला झाडाच्या खोडातला काळेपणा पार उतरला, पण मागच्या फांद्या पहिल्यांदाच सुट्या सुट्या दिसायला लागल्या. फांद्या तशाच ठेवल्यात, कालपासून फक्त खोड पुन्हा ओरखडतेय.