जेसन की यामल?

काल विरार लोकलमध्ये लटकता लटकता मित्र विचारतो, पायथन प्रोग्रामचा डेटा फाईलमध्ये ठेवायचाय, जेसन (JSON) घेऊ की यामल (YAML)? दोन्ही डेटा टेक्स्टमध्ये लिहायचे फॉरमॅट.

अरे, जेसन पायथनसोबतच येतं, व्हर्जन २.६ पासून, इन्स्टॉलची कटकट नाही आणि फास्टही आहे, पण डेटटाईम (तारीख-वेळ) दिलं की टाईपएरर येऊन प्रोग्राम अडतो, टपल (न बदलणारी यादी) परत येताना लिस्ट (बदलता येणारी यादी) होऊन येतं, डिक्शनरीतली (नाव-किंमत जोड्यांतली) १ ही की, म्हणजे नाव, आकडा न राहता स्ट्रिंग (मजकूर) होते आणि कमेंट, म्हणजे स्वतःसाठीची टीप, तर लिहिताच येत नाही. यामलमध्ये कमेंट चालते, तारीख तारीखच राहते. पण त्यासाठी पाययामल ही लायब्ररी वेगळी टाकावी लागते, स्लो आहे, स्पेस चुकली की बोंब, आणि नॉर्वेचा कोड म्हणून नुसतं NO लिहिलंस तर ते 'नाही' समजून फॉल्स होतं! बाहेरची फाईल असेल तर सेफ लोडच वापर हां, म्हणजे फाईलमधला भलता कोड चालणार नाही.

एपीआयला (दुसऱ्या प्रोग्रामला) पाठवायचं तर जेसन, हाताने बदलायची कॉन्फिग (सेटिंगची फाईल) असेल तर यामल.