उसन्या चाली, आठ सेंटीमीटरच्या सीडी

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या माणसाचा वेळ वाचेल. परदेशी चालींवर जपानी शब्द चढवलेल्या गाण्यांच्या जुन्या जपानी सिंगल सीडींचा जो लॉट मी मागवला, त्यातली दोन गाणी मुळापेक्षा सरस आहेत, एक मुळाच्या पासंगालाही पुरत नाही आणि एका पाकिटातून भलतंच काहीतरी निघालं. तरीही पैसे वसूल.

मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, त्यामुळे युरोबीटशी, म्हणजे या वेगवान नाचाच्या संगीताशी, माझी ओळख गायकाकडून झाली नाही, रिफकडून झाली, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या वाद्यांच्या सुरावटीकडून. या गाण्यांत गायकाला थांबावं लागतं. आधी सिंथ येतो, ब्रासच्या आवाजात, छाती काढून, आणि गाण्याची ओळख तिथेच सांगून टाकतो. मग सगळं एकदम खाली उतरतं, अंतरा, मग चढती पायरी, मग ध्रुपद, आणि ध्रुपद संपायच्या आत पुन्हा तोच रिफ अंगावर. नव्वदच्या दशकातल्या गाण्यांचा वेग मिनिटाला दीडशे ठोक्यांच्या पुढे असतो. डाव्या हाताला ऑक्टेव्हमध्ये उड्या मारत राहावं लागतं, तिसऱ्या गाण्यापर्यंत मनगट बोलायला लागतं.

पुतणीला हे संगीत वेगळ्याच दाराने भेटलं. घाटात गाड्या घसरवत नेण्याचे व्हिडिओ बघून. 'इनिशियल डी' ही जपानी ॲनिमेशन मालिका १९९८ साली आली आणि तेव्हापासून जगभर युरोबीट म्हणजे गाडीचं वळण असं समीकरण झालं. मी सीडी लावल्यावर ती दारात उभी राहून म्हणाली, "काका, हे ड्रिफ्टिंगवालं म्युझिक तुला कुठून मिळालं?" मग तिला सांगावं लागलं की बाई गं, हे इटलीत बनतं आणि जपानात विकलं जातं. बनवणारे लोक थोडे, नावं मात्र ढीगभर. डेव्ह रॉजर्स म्हणजे जानकार्लो पास्क्विनी. निको म्हणून गाणारा आणि मॅक्स कोवेरी म्हणून गाणारा एकच माणूस, मॉरित्सिओ दे योरिओ. 'सुपर युरोबीट' ही अल्बमची मालिका १९९० साली सुरू झाली आणि २०१८ साली तिचा २५०वा भाग निघाला. एवढा माल पुरवायचा तर माणसाला टोपणनावं लागणारच.

तर लॉट. चार छोट्या सीडी आणि दोन नेहमीच्या आकाराच्या. छोट्या म्हणजे आठ सेंटीमीटर व्यासाच्या, जपानात १९८८ साली बाजारात आलेल्या सिंगल. त्यांचं पाकीट उभं, अरुंद, साधारण दोन चकत्या एकाखाली एक ठेवाव्यात एवढं लांब. आत प्लास्टिकचा ट्रे असतो, आणि तो मधोमध मोडून पाकीट घडी घालून अर्धं करता येतं. तशी सोयच केलेली आहे. माझ्याकडे आलेल्या चारपैकी एकही मोडलेलं नव्हतं. पूर्वीच्या मालकाला ते जिवावर आलं असणार, मलाही आलं.

एक सूचना: ज्या प्लेअरमध्ये चकती फटीतून आत ओढली जाते, त्यात ही घालू नका. आत जाईल, बाहेर येणार नाही. ट्रे बाहेर येणाऱ्या प्लेअरमध्ये मधोमध एक लहान खोलगट गोल असतो, तो कशासाठी असतो हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

पहिली लावली विंक या दोन मुलींच्या जपानी जोडीची 'आइ गा तोमारानाइ', १९८८. पाकिटावर जपानी नावापुढे दोन नागमोडी रेघांच्या मध्ये मूळ इंग्रजी नाव छापलंय, 'टर्न इट इंटू लव्ह'. ते बघितलं आणि मला जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं आठवली. पदाच्या डोक्यावर कंसात लिहिलेलं असायचं, 'चाल' आणि पुढे कुठल्या तरी दुसऱ्याच गाण्याचे शब्द. लपवाछपवी नाही. चाल तिथली, शब्द आमचे, ऐकायचं तर ऐका.

ही चाल स्टॉक, एटकेन आणि वॉटरमन या ब्रिटिश त्रिकुटाची. काइली मिनोगच्या १९८८च्या अल्बमवर ती होती, आणि ब्रिटनमध्ये सिंगल म्हणून निघाली ती हेझल डीनच्या आवाजात. मूळ गाण्यात समोरच्याला सांगणं आहे: मन मोकळं कर, होऊ दे त्याचं प्रेम. जपानी शब्द लिहिले नेको ओइकावा यांनी, आणि त्यांनी हे सांगणं सरळ बाजूला ठेवलं. त्यांचं गाणं कार रेडिओवर सुरू होतं. गाडीत एक फार हळवं गाणं लागतं आणि नुसत्या मैत्रीची रेघ पुसली जाते. नावाचा अर्थ 'प्रेम थांबत नाही'. मूळ नावात पाच अक्षरं, जपानीत मोजा: आ, इ, गा, तो, मा, रा, ना, इ. आठ. जपानीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा सूर लागतो, इंग्रजीसारखं तीन व्यंजनं एका सुरात कोंबता येत नाहीत. म्हणजे भाषांतर केलं असतं तर अर्धं वाक्यही मावलं नसतं. म्हणून नवंच लिहायचं.

मी एक प्रयोग केला. विंकची सीडी लावून त्यावर काइलीचे इंग्रजी शब्द गाऊन पाहिले. बसतात, पण मोकळे पडतात. सदरा आपल्याच मापाचा, पण मधल्या काळात दुसऱ्याच्या अंगवळणी पडलेला, असं काहीसं. मोतोकी फुनायामा यांचं संयोजन या आठ अक्षरांसाठी बांधलेलं आहे, दर अक्षराखाली काहीतरी टिकटिकत असतं. आणि वर या दोन मुली, शोको आइदा आणि साचिको सुझुकी, एका सुरात, चेहऱ्यावर हसू नाही, बाहुल्यांसारखे हात हलवत. प्रेम थांबत नाही म्हणतायत आणि चेहरा बँकेच्या रांगेत उभ्या असल्यासारखा. काइली हसून गाते, म्हणून तिचं खरं वाटत नाही. या दोघी हसत नाहीत, म्हणून काळजाला लागतं. मूळ गाण्यापेक्षा सरस, पहिलं.

दुसरं सरस म्हणजे नामिए आमुरो ही गायिका आणि तिचा गट सुपर मंकीज यांचं 'ट्राय मी', जानेवारी १९९५. मूळ गाणं इटलीचं, लोलिता या नावाने आलेलं. कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्याने गायलेलं, तपासायची माझी एकच जागा आहे: रिफ संपतो आणि आवाज सुरू होतो ते अर्धं सेकंद. रिफ इतका दणदणीत असतो की त्यानंतर येणारा माणूस हमखास बारका वाटतो. लोलिताही वाटते. सफाईदार गाते, ठेक्यावर बरोब्बर बसते, आणि नेमकी तिथेच हरवते. आमुरो तेव्हा १७ वर्षांची होती. ती ठेक्याच्या केसभर पुढे आहे. मोजून सांगता येत नाही, पण सोबत वाजवायला बसलात तर कळेल. तुम्ही तिच्यामागे धावता. दोन्ही गाण्यांवर मी कीबोर्ड धरून बसलो. लोलिताबरोबर आरामात वाजवलं, आमुरोबरोबर घाम आला.

तिच्यामागे नाचणाऱ्या चौघी म्हणजे पुढे मॅक्स हा गट. त्यांची 'तोरा तोरा तोरा', १९९६, ही लॉटमधली तिसरी. हिची कथा गाण्यापेक्षा भारी आहे. मूळ गाणं डोमिनोचं, म्हणजे आणखी एक टोपणनाव. 'तोरा' म्हणजे जपानीत वाघ, आणि हे तीन शब्द १९४१च्या पर्ल हार्बर हल्ल्याचा सांकेतिक संदेश होते. इटालियन लोकांनी जपानी गिऱ्हाइकासाठी जपानी शब्द घेतला, इंग्रजी गाण्यात घातला, जपानला विकला. मग जपानी मुलींनी तेच गाणं जपानी करून परत गायलं. शब्द परदेशी जाऊन घरी आला, आणि घरच्यांना ओळखू आला नाही. डोमिनो जेव्हा 'तोरा' म्हणते तेव्हा तो कसला तरी मंत्र वाटतो, अर्थ नसलेला, म्हणून धारदार. मॅक्स म्हणतात तेव्हा वाघ. बस. सीडी वाईट नाही, नाच बघायचा तर हीच घ्या, पण कानाला विचाराल तर डोमिनोच.

चौथं पाकीट विंकचंच होतं. 'नामिदा ओ मिसेनाइदे', चाल 'बॉइज डोंट क्राय', मूलँ रूज या गटाची. (द क्युअरच्या त्याच नावाच्या गाण्याशी काही संबंध नाही, मीही आधी फसलो होतो.) याच्यासाठीच मी खरं तर सगळा लॉट घेतला. पाकीट उघडलं, चकती लावली, आणि आतून संथ तंतुवाद्यं, मग कापरा पुरुषी आवाज. एन्का! बंदर, पाऊस, दारू, अशा जातीचं गाणं. शब्द कळले नाहीत तरी दारू कळली. चकती काढून बघितली तर त्यावर नावही वेगळंच. कुठल्या तरी दुकानाच्या गल्ल्यावर दोन पाकिटांची अदलाबदल झाली असणार. विक्रेत्याला फोटो पाठवला, त्याने माफी मागून त्या एका सीडीचे निम्मे पैसे परत केले आणि चकती ठेवून घ्या म्हणाला. नाव सांगत नाही, बाकी व्यवहार चोख होता.

एन्का आणि ही गाणी तशी एकमेकांपासून फार लांब नाहीत म्हणा. 'व्हीनस' घ्या. शॉकिंग ब्लू या डच गटाचं १९६९चं गाणं. १९८६ साली बनानारामाने त्याच ब्रिटिश त्रिकुटाकडून ते नव्याने करून घेतलं, आणि त्याच वर्षी योको नागायामाने त्याचं जपानी केलं. ही नागायामा पुढे एन्का गायला लागली आणि तिथेच स्थिरावली. ती सिंगल या लॉटमध्ये असणं शक्यच नव्हतं, कारण १९८६ साली आठ सेंटीमीटरची सीडी जन्मली नव्हती. त्याच कारणाने योको ओगिनोमेची 'डान्सिंग हीरो'ही नाही. १९८५ची, चाल अँजी गोल्डच्या 'ईट यू अप'ची. मूळ शीर्षकात खाऊन टाकायचा दम, जपानीत एका रात्रीपुरता 'सिंड्रेला बॉय' आणि नाचायचं आमंत्रण. हे गाणं मध्य जपानात ओ-बोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, सामूहिक नाचात शिरलं, यात्रेतल्या मनोऱ्याभोवती आजीबाईंनी गोल फेर धरून नाचायचं गाणं झालं. आणि २०१७ साली ओसाकाच्या तोमिओका हायस्कूलच्या मुलींनी खांद्यात पॅड घातलेले कोट घालून त्यावर नाच केला तेव्हा पुन्हा नव्याने गाजलं. एवढं आयुष्य मूळ गाण्याच्या वाट्याला आलं नाही.

मोठ्या दोन सीडींबद्दल थोडक्यात. हिनोई टीम आणि चोशू कोरिकी यांचं 'नाइट ऑफ फायर', मूळ निकोचं. कोरिकी हा एका कुस्तीगीराची नक्कल करणारा विनोदी कलाकार. गाण्याला हात लावायची गरजच नव्हती आणि त्यांनी फारसा लावलेलाही नाही. पारापारा, म्हणजे पाय जवळजवळ जागेवर ठेवून हातांनी करायचा नाच, त्यासाठी हे गाणं हवंच असतं. संगीत म्हणून मला तिसऱ्यांदा लावावंसं वाटलं नाही.

दुसरी डा पंप या जपानी गटाची 'यू.एस.ए.', २०१८. चाल जो यलोच्या १९९२च्या 'यूएसए'ची. पुतणी एवढ्यावेळ दारातच उभी होती, हे सुरू झाल्यावर आत आली. एक पाय उचलून उड्या, अंगठा वर. सात जण नाचतात त्या व्हिडिओत, हिने एकटीने सातही केले. मी तिला मूळ गाणं लावून दाखवलं. तिने अर्ध्या मिनिटात तोंड वाकडं केलं, "हे कव्हर वाटतंय." मला वाद घालता आला नाही. जो यलो अमेरिकेची स्वप्नं बघतो, पूर्ण गांभीर्याने. डा पंपचं गाणं त्या स्वप्नाकडे २६ वर्षांनी मागे वळून बघतं, जपानी माणसाला कधीकाळी अमेरिकेचं काय वेड होतं त्याची गंमत करत, पण वेडाला न हसता. ते मूळ गाण्यात असणं शक्यच नव्हतं. हे दोनांत धरलेलं नाही, कारण सिंथचा आवाज मला फार चकचकीत केलेला वाटला. पुतणीच्या मते मी चुकतोय.

उलट दिशेचा माल या लॉटमध्ये नव्हता, माझ्याकडे आधीपासून आहे: जपानी गायिका आयुमी हामासाकीची गाणी युरोबीटमध्ये बदललेला २०००चा 'आयु-रो मिक्स'. शब्दांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. एकदा ऐकायला ठीक.

अवस्था म्हणाल तर चकत्या स्वच्छ, पाकिटांच्या कडा थोड्या पिवळट, एकाच्या मागे कुणीतरी पेन्सिलीने काहीतरी मोजल्यासारख्या उभ्या रेघा मारल्यात. त्या पुसल्या नाहीत. विंकची दुसरी चकती अजून शोधतोय. कुणी हौसेने एन्काची सिंगल घेतली असेल आणि पाकिटातून दोन न हसणाऱ्या मुली निघाल्या असतील, तर कळवा. तुमचा माणूस माझ्याकडे आहे, अदलाबदलीला तयार आहे.