जुना लाल ऑक्टोपॅड घेताय? आधी मेनू उघडा. माझे ५८,५०० गेले

कोल्हापुरात कुणी वापरलेला लाल ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) रोलँड कंपनीचा एसपीडी-एसएक्स 'स्पेशल एडिशन' म्हणून विकत असेल, तर थांबा. मी ५,००० टोकन आणि ५३,५०० यूपीआयनं, असे ५८,५०० मोजले. हातात आला साधा काळा पॅड, वरून लाल चमकी मारलेला.

खऱ्या स्पेशल एडिशनला आत १६ जीबी मेमरी असते. साध्याला सुरुवातीला २ जीबीच यायची. हलगी, ढोल, दिमडीचे आपले आवाज भरून वाजवणाऱ्याला सगळा फरक तिथंच.

रंकाळ्याजवळ संध्याकाळी भेटलो. माणूस स्वतः वाजवणारा, हात तयार. अशा माणसावर कोण संशय घेईल? मी मेनू दाबला, स्क्रीनवर 'सिस्टिम' आलं, आणि त्यानं पटकन किट, म्हणजे पॅडवर लावलेला आवाजांचा संच, बदललं. "भावा, त्यात नको शिरू, माझे किट उडतील. व्हर्जन कालच नवीन टाकलंय." तो क्षण आठवला की अजून डोकं फिरतं. फक्त माहिती बघून काहीही उडत नाही! किट जपायचेच असतील तर पेन ड्राइव्हवर घेता येतात. आणि व्हर्जन म्हणजे पॅडचं सॉफ्टवेअर, ते कंपनी फुकट देते, त्यानं मेमरी वाढत नाही. पण लग्नसराई तोंडावर, माझा जुना पॅड बंद पडलेला, ऑर्केस्ट्रावाल्याचे फोन सुरू. माझ्या जागी दुसरा कुणीही पैसे देऊन मोकळा झाला असता.

घरी आवाज भरायला घेतले तर मेमरी संपली. मेकॅनिककडे स्क्रू काढला तेव्हा कडेचा लाल थर सुटला, आत मूळ काळा रंग. तपासणीचे ५०० वेगळे. आज याला ३१,००० च्या वर कुणी देत नाही.

विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद.

पोलीस ठाण्यात गेलो. "पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, "वस्तू समोरासमोर घेतलीय, ठाण्यात जा." परत ठाण्यात, तर "ही आमची हद्द नाही." मग "बिल कुठाय?" मग "हा दिवाणी मामला." अहो, खोटा माल खरा सांगून विकला, याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे, तेही मीच त्यांना सांगायचं? समोरचा हवालदार मान वर न करता म्हणाला, "एवढं कळतंय तर घेताना बघायचं होतं." ग्राहक आयोगाचंही विचारलं. विकणारा दुकानदार नाही, खासगी माणूस, म्हणून तिथंही दार बंद.

पॅड दिवसा उजेडात बघा. सिस्टिममधलं माहितीचं पान स्वतः उघडा, व्हर्जन आणि मेमरीचा फोटो काढा. विकणारा हात आडवा घालत असेल तर उठा. टोकन देऊ नका. अनुक्रमांक चिकटपट्टीवर नाही, मूळ लेबलवर बघा, आणि आधार कार्डाची प्रत घेतल्याशिवाय यूपीआय उघडू नका.

ठाण्यानं नाकारलं तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टानं पाठवता येतो. मी पाठवलाय, यूपीआयची पावती आणि चॅट जोडून. लाल रंगाचा असा पॅड आणखी कुणाच्या गळ्यात मारला असेल तर तुम्हीही अर्ज द्या. एकट्याचा अर्ज फायलीत जातो.