आठ महिन्यांची वही: घरातील ऑटोमेशन हबचा वापरानंतरचा अनुभव

अमळनेरच्या आमच्या दुमजली घरात गेल्या डिसेंबरमध्ये मी झिग्बीवर (कमी विजेवर चालणाऱ्या बिनतारी जोडणीवर) चालणारा एक ऑटोमेशन हब, म्हणजे घरातील उपकरणे एकमेकांशी जोडून आपोआप चालवणारा डबा, बसवला. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे त्यातील बराचसा दोष आमच्या घराच्या वायरिंगचा आणि सवयींचा निघाला, उरलेला मात्र खरोखरच हबचा आहे. हबला तीन स्मार्ट प्लग (हबच्या संदेशाने चालू-बंद होणारे प्लग), दारांचे चार सेन्सर, जिन्यातील दिव्याचा एक स्विच आणि गच्चीवरील टाकीची पातळी सांगणारा बॅटरीचा सेन्सर जोडलेला आहे. या सगळ्या खटाटोपामागे मुख्य हेतू एकच होता. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी टाकी भरताच मोटार आपोआप बंद व्हावी, पाणी गच्चीवरून वाहू नये.

पहिले दोन महिने तक्रारीला जागा नव्हती. फेब्रुवारीच्या अखेरीस टाकीचा सेन्सर अधूनमधून ‘ऑफलाइन’ दिसू लागला आणि मार्चमध्ये तर दिवसाआड तेच. मदत केंद्राने प्रत्येक वेळी हब रीसेट करण्यास सांगितले. दुसऱ्यांदा रीसेट केल्यावर माझे सर्व नियम (‘टाकी भरली की मोटार बंद कर’ अशा हबला दिलेल्या सूचना) पुसले गेले आणि एक अख्खा रविवार उपकरणे पुन्हा जोडण्यात गेला, शिवाय सोमवारी टाकी वाहिलीच. त्या दिवशी आई म्हणाली, “भाऊ, तुना डबाले इचारीसन मोटार चालू करू का?” मी निमूटपणे दुकानातून एक वही आणली आणि प्रत्येक बिघाडाची वेळ लिहू लागलो.

तीन आठवड्यांच्या नोंदींनंतर एक गोष्ट डोळ्यांत भरली. अनेक बिघाड रात्री साडेदहाच्या सुमारास सुरू होत होते. झिग्बीमध्ये विजेवर चालणारी बहुतेक उपकरणे संदेश पुढे पोहोचवण्याचेही काम करतात, बॅटरीवरची करीत नाहीत. स्लॅबमुळे हबचा संदेश थेट गच्चीपर्यंत पोहोचत नव्हता, तो जिन्याजवळच्या प्लगमार्फत जात होता, आणि त्या प्लगला फेब्रुवारीच्या अखेरीस मी कूलर जोडला होता. बाबांना झोपण्यापूर्वी घरातील प्रत्येक बोर्डाचे बटण बंद केल्याशिवाय चैन पडत नाही. हिवाळ्यात त्या प्लगला काहीच जोडलेले नसल्यामुळे त्यांनी त्याकडे लक्ष दिले नव्हते, कूलर आल्यावर मात्र तेही बटण त्यांच्या रात्रीच्या फेरीत आले, आणि ते बंद होताच गच्चीवरचा सेन्सर एकटा पडू लागला. ज्या बिघाडासाठी मी मदत केंद्राशी तासन्‌तास बोललो, त्याचे कारण आमच्याच भिंतीवर होते. बटणावर चिकटपट्टी लावून पाहिली, ती दोन दिवस टिकली. शेवटी तो प्लग काढून, इन्व्हर्टरच्या लाईनवर असलेल्या वरच्या मजल्यावरील पॉइंटवर बसवला आणि त्याला कोणतेही उपकरण जोडले नाही. लाईट गेल्यावरही तो सुरू राहतो, त्यामुळे वीज गेल्यावर होणारे बिघाडही त्याच उपायाने बरेच कमी झाले.

उरलेले बिघाड वीज परत आल्यानंतरचे होते. हब अर्ध्या मिनिटात सुरू होतो, राउटरला मात्र तीन मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात आयपी पत्ता (राउटरकडून मिळणारा नेटवर्कवरचा क्रमांक) न मिळाल्यामुळे हब पुन्हा प्रयत्न न करता तसाच बसून राहतो. हा सरळसरळ सॉफ्टवेअरचा दोष आहे. मी राउटर आणि फायबरचा डबा या दोहोंना बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला आणि राउटरमध्ये हबसाठी कायमचा पत्ता राखून ठेवला.

वायफायचाही त्रास होताच. हब चॅनल 24 वर, म्हणजे 2470 मेगाहर्ट्झवर होता, तर राउटर स्वतःहून कधी वायफायच्या चॅनल 11 वर जाई, ज्याचा मध्य 2462 मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे दोघांचे संदेश एकमेकांत मिसळत. झिग्बीचे चॅनल बदलले तर उपकरणे पुन्हा जोडावी लागण्याची भीती असते, म्हणून मी वायफायच चॅनल 1 वर कायम केले. हब राउटरला खेटून होता, तोही लॅन केबलने दोन मीटर दूर नेला. राउटरच्या यूएसबी 3.0 पोर्टला लावलेली हार्ड डिस्कही काढली, कारण यूएसबी 3.0 चा गोंगाट नेमका याच पट्ट्यात येतो.

मेमध्ये खान्देशातील उन्हाळ्याने आपली हजेरी लावली. हबखालच्या चिठ्ठीवर कमाल 40 अंश लिहिलेले आहे आणि टीव्हीच्या बंद कपाटात दुपारी त्याहून जास्तच तापमान होत असणार. कपाटाबाहेर उघड्या फळीवर ठेवल्यापासून दुपारी हब आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होणे थांबले.

आता जे सुटलेले नाही ते लिहितो. सर्व नियम कंपनीच्या सर्व्हरवर चालतात, त्यामुळे इंटरनेट गेले की टाकी भरल्याचे कळूनही मोटार बंद होत नाही. हबमध्ये घड्याळासाठी बॅटरी नाही. एकदा इंटरनेट नसताना तो सुरू झाला, तर त्याच्या नोंदवहीत तारीख 1 जानेवारी 1970 आणि वेळ पहाटे साडेपाच दिसत होती, कारण अशा यंत्रांची वेळमोजणी तिथूनच सुरू होते. पुढे इंटरनेट येऊन घड्याळ जुळेपर्यंत जिन्यातील दिव्याच्या नोंदीही त्याच जुन्या तारखेच्या.

मोटारीबाबत एक सावधगिरी आवर्जून सांगतो. एक अश्वशक्तीची मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. मी ती थेट प्लगला जोडली होती आणि एप्रिलमध्ये प्लगमधील रिले (आतला विजेवर चालणारा छोटा स्विच) चिकटून मोटार बंदच होईना. आता प्लग फक्त काँटॅक्टर (जास्त प्रवाह पेलणारा मोठा स्विच) चालवतो, मोटारीचा भार काँटॅक्टर घेतो. शिवाय टाकीत तरंगत्या चेंडूचा साधा स्विच बसवला आहे, जो हबला न विचारता मोटारीची वीज तोडतो, आणि आईसाठी जुने बटण जागच्या जागी ठेवले आहे.

वहीतील आकडे असे आहेत: मार्चमध्ये 14 बिघाड, मेमध्ये 9, जुलैमध्ये 2. जुलैमधील दोन्ही वेळा इंटरनेट बंद होते, आणि दोन्ही वेळा मोटार चेंडूच्या स्विचनेच थांबवली.