घरभर वायफाय पोहोचवायचे तर: रिपीटर, मेश की सरळ केबल?

नाशिकमधले आमचे दुमजली रो-हाऊस हे या प्रश्नाचे नेहमीचे उदाहरण आहे. फायबरची वायर हॉलच्या खिडकीतून आत आली, जोडणी करणाऱ्या माणसाने टीव्हीच्या मागेच राउटर बसवला, आणि वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत रेंज पोहोचेना. यात राउटरचा दोष फारसा नसतो. वायफाय चालते त्या लहरींच्या पट्ट्यांपैकी (बँडपैकी) ५ गिगाहर्ट्झचा बँड वेगवान असला तरी नऊ इंची भिंत आणि सळ्यांनी भरलेला स्लॅब ओलांडताना तो बराच क्षीण होतो. २.४ गिगाहर्ट्झचा बँड पुढपर्यंत पोहोचतो, पण तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेल्स १, ६ आणि ११ ही तीनच असल्याने शेजारच्या दहा घरांची वायफाय त्याच तीन जागांसाठी भांडत असतात. अशा वेळी दुकानदार मेश, म्हणजे एकत्र चालणाऱ्या वायफाय डब्यांचा संच, सुचवतो, ऑनलाइन शोधले की राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा स्वस्तातला रिपीटर समोर येतो, आणि केबल ओढण्याचा तिसरा पर्याय बहुतेकांच्या डोक्यातही येत नाही.

रिपीटरची बाजू किमतीची आहे. तो प्लगमध्ये खोचला की पाच मिनिटांत चालू होतो. मात्र जो रिपीटर एकाच बँडवर राउटरचे ऐकतो आणि त्याच बँडवर मोबाइलशी बोलतो, त्याला ही दोन्ही कामे एका वेळी करता येत नाहीत, म्हणून हाती येणारा वेग जवळजवळ निम्मा होतो. त्यातच अनेकदा त्याचे नेटवर्क वेगळ्या नावाने दिसते, आणि जिना चढून वर आलेला मोबाइल खालच्या राउटरचा क्षीण सिग्नल धरून बसतो. फाटकावरचा एखादा कॅमेरा किंवा गॅलरीतला स्मार्ट बल्ब एवढीच गरज असेल, तर रिपीटर पुरेसा आहे. मुलांचे ऑनलाइन वर्ग किंवा कार्यालयीन कॉल त्याच्या भरवशावर ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेशमध्ये दोन-तीन नोड, म्हणजे घरात वेगवेगळ्या जागी ठेवलेले वायफायचे डबे, मिळून एकच नेटवर्क तयार होते. नाव एक, पासवर्ड एक, आणि चांगल्या संचात ८०२.११के, व्ही आणि आर ही मानके असल्याने मोबाइलला जवळच्या नोडकडे वळायला मदत होते, तरी वळायचे की नाही हा निर्णय शेवटी मोबाइलच घेतो. मेशची खरी नाडी आहे नोडांमधला दुवा, ज्याला बॅकहॉल म्हणतात. ड्युअल-बँड (दोन बँडच्या) संचात हा दुवा आणि घरातली उपकरणे तोच बँड वाटून घेतात; ट्राय-बँड (तीन रेडिओंच्या) संचात दुव्यासाठी बहुधा वेगळा रेडिओ असतो, म्हणून तो महाग पडतो. आम्ही दुसरा नोड सुरुवातीला जिथे रेंज नव्हती त्या मागच्या खोलीतच ठेवला होता. मोबाइलवर सगळ्या काड्या भरलेल्या दिसायच्या आणि व्हिडिओ कॉल मात्र अडकायचा, कारण मोबाइल ते नोड हे अंतर हाताएवढे असले तरी नोड ते राउटर हा दुवा स्लॅबमधूनच रडतखडत येत होता. तोच नोड उचलून जिन्याच्या वळणावर, जिथे राउटरचा सिग्नल उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक; आकडा शून्याकडे जाईल तितका सिग्नल चांगला) आसपास मिळत होता, तिथल्या कोनाड्यात ठेवल्यावर मागच्या खोलीतले कॉल सुरळीत झाले. नोडची जागा अंधाऱ्या खोलीत नसते, उजेड संपायच्या थोडी अलीकडे असते.

तरीही घराच्या भिंतींत टीव्ही किंवा टेलिफोनसाठी टाकलेला कन्सील्ड पाइप मोकळा असेल, तर सर्वांत आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून त्यातून केबल ओढायची स्प्रिंग सरकवून पाहावी. कॅट ६ ही नेटवर्कची केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग देते आणि तिला स्लॅबची पर्वा नसते. वरच्या टोकाला साधा ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेले इंटरनेट वायफायने पसरवणारा डबा) लावला तरी काम होते. बोलत बोलत मजले बदलण्याची सवय असेल, तर त्याच केबलवर मेशचा नोड जोडावा. माझ्या मते सर्वांत समाधानकारक जोडी हीच आहे. कोकणातली जांभ्याची किंवा देशावरच्या वाड्यांची काळ्या दगडाची जाड भिंत असेल, तर बिनतारी मेशवर पैसे घालण्याआधी केबलचाच विचार करावा. उलट दोन बेडरूमच्या साध्या फ्लॅटमध्ये यातले काहीच न घेता राउटर लोखंडी कपाटामागून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवून पाहावा.

मेश घ्यायचे ठरलेच, तर खोक्यावर लॅन पोर्टचा (केबल खोचायच्या जागेचा) वेग वाचावा. काही स्वस्त संचांचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, आणि मग ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही त्याचा उपयोग होत नाही. इंटरनेट कंपनीचा राउटर तसाच चालू ठेवणार असाल, तर मेश ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे राउटरचे काम न करता फक्त वायफाय पसरवण्याच्या स्थितीत, टाकून जुन्या राउटरचे वायफाय बंद करावे, नाहीतर एकामागे एक दोन राउटर घरातल्या उपकरणांना वेगवेगळे नेटवर्क पत्ते (आयपी ॲड्रेस) देत बसतात आणि घरातला प्रिंटर किंवा कॅमेरा सापडेनासा होतो. या मोडमध्ये मुलांसाठीची वेळेची बंधने काही संचांत चालत नाहीत, हेही आधी तपासावे. मेशच्या ॲपमध्ये जुन्याच वायफायचे नाव आणि पासवर्ड दिला, तर घरातली बहुतेक उपकरणे पुन्हा जोडत बसावी लागत नाहीत. घरात इन्व्हर्टर नसेल, तर वीज गेल्यावर फायबरच्या डब्याला मिनी यूपीएस (छोटा बॅटरी बॅकअप) असून भागत नाही; जिन्यातल्या नोडलाही त्याच्या ॲडॅप्टरच्या व्होल्टला जुळणारा दुसरा घ्यावा लागतो, आणि तो खर्च तुलनेत आधीच धरावा.